यंत्र आपलें, पण त्याची विद्या कोणाची?

घरांत एखादी वस्तु आणून तिचें मोल चुकतें केलें म्हणजे ती आपली झाली, असें आपण सर्वजण समजतों. तांब्याचा हंडा, शिवणाचें यंत्र, भिंतीवरचें घड्याळ यांच्या बाबतींत तें खरेंहि असे. घड्याळ बंद पडलें तर गांवांतला घड्याळजी तें उघडून आंतील चक्रें पाही, आणि जें डोळ्यांस दिसे त्यावरून तें पुनः चालतें करी. त्यासाठीं विलायतेंतील कारखान्याची अनुज्ञा घेण्याचें त्यास कारण पडत नसे. परंतु हल्लीं ज्या यंत्रावांचून मुलांचा अभ्यास, बँकेचीं कामें आणि परदेशीं राहणाऱ्या लेकीसुनांशीं होणारें बोलणें अडून राहतें, त्या लॅपटॉपाची गोष्ट निराळी आहे. त्याचें मोल आपण देतों. पण त्याच्या पोटांतील प्रत्येक भागाशीं कोणत्या भाषेंत बोलावें, ही विद्या पुष्कळदां त्याच्या कर्त्यापाशींच राहते. ती हातीं नसली म्हणजे धडधाकट यंत्रहि मुकें होतें. हें मुकेपण कसें जातें आणि तें घालविण्यासाठीं किती जणांनीं किती श्रम केले, हें आज आमच्या वाचकांस सांगण्याचा आमचा मानस आहे.

विषय आजच काढण्याचें कारण असें. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमींची विनामूल्य देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकांसाठीं त्या वेळीं एका वर्षाची मर्यादित मुदतवाढ तेवढी ठेवली. तिच्या जागीं ‘विंडोज ११’ घ्यावी म्हटलें, तर तिला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतींत ही मर्यादा बहुतेक आठव्या पिढीपासून, म्हणजे सन २०१७ च्या सुमारापासून सुरू होते. त्यापूर्वींचीं असंख्य यंत्रें देहानें निरोगी असतां कागदोपत्रीं वृद्ध ठरलीं. ज्या घरांत पेन्शनीवर संसार चालतो आणि शिकणारीं मुलें दोन आहेत, तेथें नवा लॅपटॉप घ्यावयाचा कीं जुन्यासच दुसरी प्रणाली द्यावयाची, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं.

ही दुसरी प्रणाली म्हणजे लिनक्स. फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोर्व्हाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. आपण एक प्रणाली लिहीत आहों असें त्यानें ता. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें आणि पुढील वर्षीं ती ‘जी. पी. एल.’ नामक परवान्याखालीं सर्वांस मोकळी केली. या परवान्याचें तात्पर्य थोडक्यांत असें कीं, प्रणालीची मूळ संहिता कोणीहि वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी; मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देतांना तिची संहिताहि त्याच अटींवर द्यावी. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट वगैरे जीं नांवें कानांवर येतात, त्या सर्वांचा गाभा एकच आहे. मूळ वेद एक आणि शाखा अनेक, तसा हा प्रकार समजावा. या गाभ्यास ‘कर्नल’ म्हणतात. सन २०२५ च्या आरंभीं कर्नलच्या संहितेच्या ओळी चार कोटींच्या घरांत गेल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भाग ‘ड्रायव्हर’ नांवाच्या एकाच प्रकारच्या लिखाणाचा आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. पडदा, ध्वनि, कॅमेरा, वाय-फाय हे यंत्राचे निरनिराळे भाग निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात आणि प्रत्येकाची बोली वेगळी असते. अमुक जागीं अमुक आंकडा लिहिला म्हणजे ध्वनि वाढतो, तमुक आंकडा लिहिला म्हणजे पडदा मंद होतो, असें त्या बोलीचें व्याकरण असतें. कर्नलला हें व्याकरण ठाऊक असेल तर तो भाग चालतो, नसेल तर जागच्या जागीं असूनहि निरुपयोगी होतो. कित्येक भागांस याखेरीज ‘फर्मवेअर’हि लागतें. ही त्या भागाच्या स्वतःच्या आंत चालणारी लहानशी संहिता असून पुष्कळदां यंत्र सुरू होतांना ती बाहेरून भरावी लागते.

आतां कर्नल या भागांस ओळखतो कसा? येथें आमच्या वाचकांस मौज वाटेल अशी एक गोष्ट आहे. यंत्र जागें होतांच कर्नल एकेका भागास ‘तूं कोण?’ असें विचारतो, आणि तो भाग, मुंज झालेला बटु वडिलांपुढें वांकून गोत्र व नांव उच्चारतो त्याप्रमाणें, आपली ओळख सांगतो. प्रथम चार अक्षरी आंकडा येतो तो कर्त्या कंपनीचा, म्हणजे गोत्राचा. दुसरा त्या विशिष्ट भागाचा, म्हणजे नांवाचा. इंटेलचें गोत्र ८०८६ आहे. त्या कंपनीच्या सन १९७८ मधील प्रख्यात प्रोसेसरचाच तो आंकडा. एन्व्हिडियाचें १०डीई, ब्रॉडकॉमचें १४ई४. याशिवाय तो भाग कोणत्या लॅपटॉपांत बसविला आहे, हें सांगणारी आणखी एक जोडी असते. तिला शाखा म्हणावें. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली म्हणजे ही सर्व वंशावळ पडद्यावर उमटते. जो भाग चालत नाहीं त्याचें बाह्य रूप पाहण्यांत वेळ न घालवितां त्याचे हे आंकडे टिपून घेणें, ही या विद्येची पहिली पायरी होय.

हें सर्व प्रत्यक्षांत कसें घडतें तें आमच्या घरच्या अनुभवावरून सांगतों. आमची नात संस्कृत विषय घेऊन बी. ए. च्या वर्गांत शिकते. अभियांत्रिकीशीं तिचा संबंध नाहीं. तिच्याजवळील नऊ वर्षांचा लॅपटॉप वर सांगितलेल्या मर्यादेच्या अलीकडे पडला. तिनें आधीं आपले सर्व निबंध व टिपणें बाहेर नकलून ठेवलीं, मग एका पेन ड्राइव्हवर लिनक्सची एक आवृत्ति घेतली आणि यंत्रांतील मूळ प्रणालीस हात न लावतां त्या पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू केला. अशी परीक्षा घेतां येते ही मोठी सोय आहे. पडदा, कळा, बोटानें सरकविण्याची पट्टी, कॅमेरा हीं सर्व तत्काळ चालूं लागलीं. परंतु वाय-फाय दिसेना, आणि अंगच्या भोंग्यांतून आवाज येईना. आम्हीं म्हटलें, “एवढीं वर्षें चाललेला भाग आजच कसा बिघडला?” त्यावर ती म्हणाली, “आजोबा, तो बिघडलेला नाहीं. त्याच्याशीं बोलणारें कोणी नाहीं, एवढेंच.”

वाय-फायचे आंकडे पाहतां असें आढळलें कीं, त्या भागाचा ड्रायव्हर कंपनीनें बंदिस्त ठेवल्यामुळें तो पेन ड्राइव्हवर घालण्यांत आलेला नव्हता. तो इंटरनेटवरून स्वतंत्रपणें घ्यावयाचा होता. म्हणजे इंटरनेट मिळण्यासाठीं ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळण्यासाठीं इंटरनेट हवें. न्यायशास्त्रांत ज्यास अन्योन्याश्रय दोष म्हणतात, त्याचें याहून शुद्ध उदाहरण आम्हांस वर्गांत कधीं सांपडलें नव्हतें. तिनें मोबाइल फोन तारेनें लॅपटॉपास जोडला, फोनचें इंटरनेट त्या तारेवाटे घेतलें, आणि दहा मिनिटांत वाय-फाय सुरू झालें.

आवाजाचें कोडें अधिक खोल होतें. कानांत घालावयाच्या यंत्रांतून ध्वनि स्पष्ट येई, पण भोंगे मुके. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. ध्वनीची एकच चिप अनेक कंपन्या आपल्या लॅपटॉपांत बसवितात, परंतु तिच्या कोणत्या पायाशीं भोंगा जोडावयाचा आणि कोणत्याशीं मायक्रोफोन, हें प्रत्येक कंपनी आपल्या सोईनें ठरविते. आणि यंत्रांत त्याची जी नोंद ठेवावयाची ती कित्येकदां अपुरी वा चुकीची असते. म्हणून कर्नलमध्यें एक लांबलचक यादी ठेवलेली आहे. ‘अमुक शाखेचा लॅपटॉप असेल तर अमुक पाय भोंग्याचा समजावा,’ अशा अर्थाची एकेक ओळ तींत असते. आमच्या लॅपटॉपाच्या शाखेचा आंकडा या यादींत नव्हता. त्याच कंपनीच्या एका भावंडाचा मात्र होता. नातीनें कर्नलला ‘यास त्या भावंडाप्रमाणेंच वागव’ अशी सूचना एका लहानशा फाइलींत लिहून दिली, यंत्र पुनः सुरू केलें, आणि भोंगे बोलूं लागले. बोटाचा ठसा ओळखणारा भाग मात्र शेवटपर्यंत चालला नाहीं. त्याचें व्याकरण अद्यापि कोणास उकललेलें नाहीं. ती संकेतशब्द लिहून काम करते.

येथें विचारी वाचक सहजच विचारील कीं, ही विद्या कंपन्या सांगत कां नाहींत? त्यांच्या बाजूनेंहि कांहीं कारणें आहेत. प्रतिस्पर्ध्यास आपल्या युक्त्या कळूं नयेत, पेटंटांचे वाद उद्भवूं नयेत, आणि वाय-फायसारख्या भागांत प्रक्षेपणाची शक्ति सरकारी मर्यादेबाहेर कोणी नेऊं नये, अशीं तीं कारणें होत. तीं अगदींच पोकळ म्हणतां यावयाचीं नाहींत. परंतु त्यांची झळ ग्राहकास कशी लागते, हें या चळवळीच्या आरंभींच्याच एका गोष्टीवरून दिसून येतें. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेंत सन १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेसर छपाईयंत्राचा नमुना आला. त्यांत कागद वारंवार अडके. पूर्वींच्या यंत्राच्या वेळीं रिचर्ड स्टॉलमन या तेथील प्रोग्रामरनें त्याच्या संहितेंत सुधारणा करून, कागद अडकतांच ज्याचें काम खोळंबलें त्यास सूचना जावी अशी व्यवस्था केली होती. नव्या यंत्राची संहिता मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठांतील ज्या गृहस्थापाशीं ती होती त्यानें, आपण ती कोणास न देण्याचें वचन दिलें आहे, असें सांगून नकार दिला. या नकाराचा स्टॉलमन यांच्या मनावर खोल परिणाम झाला. सन १९८३ मध्यें त्यांनीं ‘ग्नू’ नांवाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली, आणि वर सांगितलेला परवानाहि त्यांच्याच हातचा होय.

विद्या मिळत नसेल तर ती निरीक्षणानें शोधून काढावी, हा दुसरा मार्ग. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांच्या बाबतींत कांहीं स्वयंसेवकांनीं तो फार सचोटीनें अनुसरला. एका गटानें कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर तपासून तो चिपशीं काय बोलतो याचें केवळ वर्णन लिहिलें. दुसऱ्या गटानें मूळ ड्रायव्हर न पाहतां त्या वर्णनावरून स्वतंत्र ड्रायव्हर लिहिला. एकाची नक्कल दुसऱ्यानें केली असा आरोप येऊं नये म्हणून ही भिंत मुद्दाम घातलेली होती. त्यांचें काम सन २००६ मध्यें कर्नलांत समाविष्ट झालें. फर्मवेअर वांटण्याची परवानगी नसल्यामुळें तें मात्र ग्राहकास कंपनीच्या ड्रायव्हरांतून कापून घ्यावें लागे. पुढें सन २०१० च्या सप्टेंबरांत ब्रॉडकॉमनें स्वतःच आपल्या कांहीं नव्या चिपांचा मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. एन्व्हिडियाच्या चित्रचिपांसाठींहि ‘नूव्हो’ नांवाचा ड्रायव्हर अशाच निरीक्षणानें सिद्ध होऊन सन २०१० मध्यें कर्नलांत आला. सन २०१२ मध्यें टोर्व्हाल्ड्स यांनीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत या कंपनीची जाहीर व अत्यंत कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. सन २०२२ च्या मे महिन्यांत त्या कंपनीनें आपल्या ड्रायव्हराचा कर्नलांतील भाग मोकळा केला.

हें काम किती जोखमीचें असतें त्याचा आणखी एक मासला पाहा. ॲपल कंपनीनें सन २०२० च्या नोव्हेंबरांत ‘एम १’ या स्वतःच्या प्रोसेसरचे लॅपटॉप काढले. त्यांवर लिनक्स चालविण्यासाठीं ‘असाही लिनक्स’ नांवाचा प्रकल्प उभा राहिला आणि सन २०२२ च्या मार्चांत त्याची पहिली चाचणी-आवृत्ति निघाली. पण तींत अंगचे भोंगे बंद ठेवले होते. कारण त्या इवल्याशा भोंग्यांतून मोठा आवाज काढण्यासाठीं त्यांस त्यांच्या शक्तीच्या सीमेपर्यंत चालवावें लागतें, आणि आंतील वेटोळें किती तापलें याचा हिशोब क्षणोक्षणीं प्रणालीनें ठेवला नाहीं तर तें जळून जाण्याचें भय असतें. हा हिशोब ठेवणारी संहिता पूर्णपणें सिद्ध होईपर्यंत त्या मंडळींनीं धीर धरला. मगच भोंग्यांस वाचा दिली. दुसऱ्याच्या यंत्राची आपल्या यंत्राप्रमाणें काळजी घेणें म्हणतात तें हें.

श्रम करण्यास माणसें मिळत नाहींत, असेंहि नाहीं. सन २००७ च्या जानेवारींत ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या एका प्रमुख लेखकानें असें जाहीर केलें कीं, कोणत्याहि कंपनीनें आपल्या भागाची माहिती द्यावी, आम्ही त्याचा ड्रायव्हर विनामूल्य लिहून देऊं. श्रम फुकट देऊं करणाऱ्यांसहि ज्या एका गोष्टीची याचना करावी लागली, ती गोष्ट म्हणजे माहिती. सुदैवानें तेव्हांपासून वारें पुष्कळ पालटलें आहे. डेल कंपनीनें सन २०१२ पासून आपला एक लॅपटॉप उबुंटूसह विकण्यास आरंभ केला, लेनोव्होनें सन २०२० पासून कांहीं लॅपटॉप फेडोरासह दिले. डेबियनची मंडळी पूर्वीं बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत संचांत घेत नसत. सन २०२२ मध्यें मतदान घेऊन त्यांनीं तो नियम शिथिल केला, आणि सन २०२३ च्या आवृत्तीपासून वर वर्णिलेला अन्योन्याश्रय दोष पुष्कळांच्या पुरता टळला. आपल्या देशांत केरळ राज्याच्या सार्वजनिक शाळांतून उबुंटूच्या पायावर रचलेली ‘काइट’ संस्थेची आवृत्ति विद्यार्थी नित्य वापरतात. तेव्हां हें काम केवळ पंडितांचें, असें मानण्याचें कारण नाहीं.

ज्या घरांत हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं चार व्यवहारी गोष्टी सांगून ठेवतों. प्रथम आपले सर्व कागद, फोटो बाहेरच्या डिस्कवर नकलून घ्यावे, आणि विंडोजमध्यें ‘बिटलॉकर’ चालू असेल तर त्याची किल्ली लिहून ठेवावी. ती हरवली तर आपलेंच कपाट आपणांस बंद होतें. दुसरें, पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून वाय-फाय, आवाज, मायक्रोफोन, कॅमेरा, पडद्याचा उजेड यांची एकेक परीक्षा घ्यावी. झांकण मिटून यंत्र झोंपतें कीं नाहीं आणि पुनः उठतें कीं नाहीं हेंहि पाहावें. अलीकडच्या कित्येक लॅपटॉपांत ही झोंप अर्धवट असते व बॅटरी आंतल्या आंत उतरत राहते. तिसरें, लिनक्सला आंतील डिस्कच दिसली नाहीं तर घाबरूं नये. कांहीं इंटेल यंत्रांत डिस्क ‘रेड’ पद्धतीनें ठेवलेली असते. यंत्राच्या मूळ सेटिंगांत ती ‘ए. एच. सी. आय.’ केली म्हणजे दिसूं लागते. जुनी विंडोजहि ठेवावयाची असेल तर मात्र हा बदल जाणत्या माणसाच्या सल्ल्यानेंच करावा. चौथें, बाहेरचा ड्रायव्हर घालूनहि तो चालेना तर ‘सिक्युअर बूट’ची व्यवस्था पाहावी. ही व्यवस्था जिच्यावर मान्य सही नाहीं अशी संहिता आंत येऊं देत नाहीं. अशा वेळीं त्या ड्रायव्हराच्या सहीची नोंद यंत्रांत करून द्यावी लागते. आणि नवा लॅपटॉप घेणारांनीं दुकानदारास ‘यावर लिनक्स चालतो काय?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा. ग्राहक विचारूं लागले म्हणजे विकणारे उत्तरें शोधूं लागतात.

आतां शेवटची आणि आमच्या मतें मुख्य गोष्ट. भोंग्यांच्या त्या यादींत आमच्या लॅपटॉपाच्या भावंडाची जी ओळ होती, ती कोणी लिहिली? कोणत्या तरी देशांतील कोणा ग्राहकानें आपलें यंत्र मुकें झालेलें पाहून कांहीं रात्री खर्चून योग्य पाय शोधला, आणि काम झाल्यावर स्वस्थ न बसतां ती ओळ कर्नलच्या मंडळींकडे धाडली. त्याचा आपला परिचय नाहीं, होण्याचा संभवहि नाहीं. आपल्या शास्त्रांनीं मनुष्याच्या माथीं जीं तीन ऋणें सांगितलीं, त्यांत देव आणि पितर यांच्या ऋणाबरोबर ऋषिऋण सांगितलें आहे. आणि तें द्रव्यानें फिटत नाहीं, अध्ययन-अध्यापनानें फिटतें. जें आपणांस मिळालें तें शिकून पुढच्यास देणें, हीच त्याची फेड.

नातीनें आपल्या लॅपटॉपाचे आंकडे, पूर्वीं काय होत होतें आणि कोणत्या सूचनेनें तें सुधारलें, हें सर्व नीट लिहून ध्वनीच्या ड्रायव्हरांची देखभाल करणाऱ्या मंडळींस कळविलें. त्यांनीं दोन प्रश्न विचारले, तिनें उत्तरें दिलीं, आणि पुढें निघालेल्या एका आवृत्तींत तिची ओळ त्या यादींत दाखल झाली. एकच ओळ, पण आतां त्याच शाखेचा लॅपटॉप जगांत जेथें कोठें ही आवृत्ति घेऊन सुरू होईल, तेथें त्याचे भोंगे कोणीहि कांहीं न करतां आपोआप बोलतील, आणि तो लावणाऱ्यास येथें कधीं अडचण होती याची वार्ताहि नसेल.